इंडियन डर्बी: शर्यत अडीच मिनिटांची, पण तयारी पाच वर्षांची

फेब्रुवारीचा पहिला रविवार आला की मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचे फोटो तुमच्या फीडमध्ये दिसू लागतात. हॅट, गॉगल, सेलिब्रिटी. त्या दिवशी इंडियन डर्बी असते. पण या शर्यतीचं भवितव्य सध्या ट्रॅकवर नाही, तर सरकारी निर्णयांवर ठरतंय. ते कसं, समजून घेऊया.

डर्बी म्हणजे नेमकं काय?

२४०० मीटरची सपाट, म्हणजे अडथळे नसलेली शर्यत. १९४३ मध्ये ती पहिल्यांदा झाली. फक्त चार वर्षांचे थरोब्रेड घोडे यात धावू शकतात. थरोब्रेड घोड्याचं वय १ जानेवारीपासून मोजतात, मग जन्म कोणत्याही महिन्यातला असो. त्यामुळे प्रत्येक घोड्याला डर्बीची संधी आयुष्यात एकदाच मिळते. साधारण अडीच मिनिटांत सगळं संपतं.

तयारी मात्र लांबलचक असते. घोडीचा गर्भकाळच सुमारे ११ महिन्यांचा. म्हणजे २०२३ च्या सुरुवातीला स्टड फार्मवर जी जोडी लावली, तिचं शिंगरू २०२४ मध्ये जन्मलं आणि ते डर्बी धावणार २०२८ मध्ये!

मग अडचण कुठे आहे?

पहिला प्रश्न जमिनीचा. महालक्ष्मीची सुमारे २११ एकर सार्वजनिक जमीन रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे भाडेकरारावर होती. हा करार मे २०१३ मध्ये संपला आणि पुढची दहा वर्षं निर्णय लटकला. अखेर २०२४ मध्ये तोडगा निघाला. १२० एकर मुंबई महापालिकेच्या सेंट्रल पार्कसाठी आणि ९१ एकर क्लबकडे, २०५३ पर्यंत. म्हणजे रेसकोर्स महालक्ष्मीतच राहणार.

दुसरा प्रश्न कराचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून बेटच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला.

पूर्ण रकमेवर कर म्हणजे काय?

समजा, तुम्ही १०० रुपयांची बेट लावली आणि क्लबचं कमिशन १० रुपये आहे. कर फक्त कमिशनवर असता तर ४ रुपये झाला असता. पूर्ण रकमेवर तो होतो ४० रुपये. बेकायदा बुकी मात्र यातला एक रुपयाही भरत नाही. साहजिकच, खेळणारा तिकडे वळण्याचा धोका वाढतो.

सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं होतं. जीएसटीत मात्र ती कॅसिनो आणि लॉटरीच्याच रांगेत बसते. जुगाराचं व्यसन घरं उद्ध्वस्त करतं, त्यामुळे जास्त कराच्या बाजूनेही ठोस युक्तिवाद आहे. पण पैसा बेकायदा मार्गाने गेला, तर सरकारला करही मिळत नाही आणि व्यसनही सुटत नाही.

याचा फटका कुणाला?

श्रीमंत मालक घोडा विकून बाजूला होऊ शकतो. पण पहाटे घोड्यांची देखभाल करणारा सईस, नालबंद, जॉकी, स्टड फार्मवरचे कामगार यांचं घर याच पैशावर चालतं. बेटिंग घटलं की बक्षिसाची रक्कम घटते, मग घोडे कमी होतात आणि शेवटी काम.

पुढे काय पाहायचं?

२०२३ ची ती जोडी आठवा. ती लावली तेव्हा जमिनीचा करार संपलेला होता. शिंगरू जन्मलं त्या वर्षी जमीन ठरली आणि ते ट्रॅकवर येण्याआधीच कर ४० टक्क्यांवर गेला. ज्या धंद्यात आजच्या निर्णयाचं फळ पाच वर्षांनी मिळतं, तिथे कर किती यासोबतच तो किती स्थिर आहे, हेही महत्त्वाचं ठरतं.

आणि तुम्ही कधीच बेट लावत नसाल, तरी एक गोष्ट तुमची आहे: ते १२० एकर. मोकळ्या जागेसाठी तडफडणाऱ्या मुंबईत तिथे खरंच सगळ्यांसाठी खुलं उद्यान होतंय का, यावर लक्ष ठेवायला हवं.