हरणं हाकलायची तर अख्ख्या शिवाराने हाकला



हरभरा वीतभर वर आला की आमच्या अमळनेर-पारोळा पट्ट्यात पारावर, डेअरीवर, खताच्या दुकानात एकच विषय असतो. हरणं. रात्रीतून दहा-बाराचा कळप येतो आणि सकाळी बघावं तर शेंडे खुडलेले. जो तो विचारतो, "भाऊ, यावर काही घरगुती उपाय आहे का?"

उपाय आहेत, आणि त्यातले बरेच स्वस्त आहेत. पण माझं स्पष्ट मत सांगतो. हे उपाय एकेकट्याने केले तर हरीण हाकललं जात नाही, ते फक्त शेजाऱ्याच्या वावरात जातं. आज बांधावर जे भांडण होतं ते त्यातूनच होतं.

आधी कोण खातं ते ओळखा. आपण सगळ्यांनाच हरीण म्हणतो. काळवीट आणि चिंकारा माळरानाचे. चितळ, सांबर जंगलाचे. मुक्ताईनगर, रावेरकडे जास्त त्रास रोहीचा, म्हणजे नीलगायीचा. ही गायही नाही आणि घोडाही नाही, ती काळविटाच्याच कुळातली. ही जनावरं शेंडा, पाला, कळी खातात. जमीन उकरलेली दिसली, भुईमुगाचे वेल उपटलेले दिसले, केळीचे कंद फोडलेले दिसले तर ते रानडुक्कर. त्याचे उपाय वेगळे, ते पुन्हा कधी लिहीन.

दुसरी गोष्ट, कधी खाल्लं ते बघा. महिन्याभराच्या हरभऱ्याचे शेंडे आपण स्वतःच खुडतो, फांद्या फुटाव्यात म्हणून. त्या वेळी हरणाने वरवर तोंड लावलं तर पीक सावरतं. फुलावर आल्यावर खाल्लं तर मात्र गेलं. म्हणून सगळा जोर फूल लागायच्या आठ दिवस आधीपासून घाटे भरेपर्यंत लावायचा. कपाशी आणि मुगाचं उलटं. तिथे दोन पानांवर असतानाच सांभाळायचं, कारण तेव्हा शेंडा गेला तर पुन्हा टोबावं लागतं.

आता उपाय, आणि त्यांची खरी किंमत.

साड्या. जुन्या साड्या बांधावर लावलेल्या सगळीकडे दिसतात. हरणाला लाल रंग आपल्यासारखा दिसत नाही, त्याला तो मळकट दिसतो. निळा आणि पिवळा चांगला दिसतो, पांढरा रात्रीही उठून दिसतो. म्हणून लाल-मरून साड्या घरी गोधडीला ठेवा आणि बांधावर पांढऱ्या, निळ्या लावा. घट्ट ताणू नका, वाऱ्याने हलल्या पाहिजेत. तरी आठ-पंधरा दिवसांत जनावर ओळखतं की यात कोणी नाही. मग जागा बदला, अधूनमधून काढून टाका, पुन्हा लावा. जुन्या कॅसेटची रीळ पीळ देऊन दोन काठ्यांमध्ये ताणली की वाऱ्यावर भुणभुणते, तिचंही तेच. नवं असतं तोवर काम देते.

अंडी. पंधरा लिटरच्या पंपाला मी दहा-बारा अंडी घेतो, फोडून पाण्यात दोन-तीन दिवस कुजू देतो, फडक्याने दोनदा गाळतो, नाही तर नोझल चोंदतं. कुजक्या अंड्याच्या वासाने जनावराला मेलेलं मांस, म्हणजे शिकारी जवळ असल्यासारखं वाटतं. अमेरिकेत बागेत हरणं शिरतात म्हणून जी औषधं विकतात त्यातही कुजलेलं अंडंच असतं, आणि वासाच्या औषधांत ते बरं चालतं असं तिथल्या चाचण्यांत दिसलंय. फवारा फक्त कडेच्या पाच-सहा ओळींवर मारा, भाजीपाल्याच्या खायच्या भागावर नको. माझे शेजारी माळकरी, ते अंड्याला हात लावत नाहीत. ते आंबट ताकात लसूण-मिरची कुटून मारतात. मिरचीने तोंड भाजतं, पण जनावराने एकदा चाखल्यावर. अंड्याचा वास चाखायच्या आधी लागतो, एवढाच फरक.

पण हे दोन्ही फवारे आठ-दहा दिवसांचे. तुषार सिंचन चाललं की धुऊन जातात. आणि पीक वाढतं, नवीन शेंड्याला वास नसतो, हरणाला तर तोच शेंडा हवा असतो. जो म्हणतो एकदा मारा आणि विसरा, त्याचं ऐकू नका.

न्हाव्याकडचे केस. हे डुकराला, कारण ते जमीन हुंगत चालतं. मान वर करून पाला खाणाऱ्या जनावराला त्याचा फारसा उपयोग नाही. शिवाय केस चाऱ्यात गेले तर आपल्याच गुराच्या पोटात जातात.

काटेरी बांध. आपल्या आजोबांनी हरभऱ्याच्या कडेला करडईच्या ओळी उगाच नाही लावल्या. करडई काटे धरते तेव्हाच हरभरा फुलावर येतो, आणि तेलही घरचं होतं. चार ओळी दाट लावा. काळवीट उडी मारून येऊ शकतं, पण पलीकडे पाय कुठे टेकणार ते दिसत नसेल तर जनावर बिचकतं, म्हणून पट्टा रुंद हवा. कायम बांधासाठी घायपात, सागरगोटा, चिलार. त्याला तीन-चार वर्षं लागतात, म्हणून कोणी लावत नाही. एरंडीला जनावर तोंड लावत नाही, पण तिचं बी विषारी, गोठ्याजवळ नको.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे माणूस आणि कुत्रा. माळा, शेकोटी, रात्री दोन फेऱ्या. पण तीस रात्री एकटा माणूस किती जागेल? दिवसा पाण्याची पाळी असते, बाकीचीही कामं असतात.

म्हणून काही जण कुंपणात लाईन सोडतात. बंधूंनो, हे करू नका. त्यात जनावर मरतं, रात्री मोटार चालू करायला निघालेला आपलाच माणूस मरतो आणि लावणारा तुरुंगात जातो. काळवीट, चिंकारा 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. सौर कुंपण वेगळं, त्याचा झटका क्षणाचा असतो, त्याने जीव जात नाही. पण ते एका एकरवाल्याला परवडत नाही.

इथेच माझा मुद्दा येतो. जरा हिशोब करा. एक एकर चौकोनी वावराला चारी बाजूंनी साधारण 255 मीटर बांध असतो. पंचवीस जणांनी आपापला एक-एक एकर राखला तर सगळ्यांचे मिळून जवळपास 6,400 मीटर होतात. तेच पंचवीस एकर एका चकात धरून फक्त बाहेरची कड राखली तर 1,275 मीटर. साड्या, अंडी, करडई, जागरण, सगळं पाचपट कमी. जे एकट्याला जमत नाही ते इथे जमतं.

यावर लगेच प्रश्न येतो. ज्याचं वावर गावाजवळ, त्याला हरणाचा त्रास नाही, तो पैसे का देईल? मी त्याला विचारतो, आज कडेचं वावर कोणाचं आहे? नाल्याकाठी, माळाला लागून, दोन एकरवाल्याचं. सगळ्या शिवाराच्या वतीने तोच मार खातो. दोन-तीन वर्षं तग धरतो, मग हरभरा सोडतो, मग रब्बीत वावर पडीक टाकून सुरतला कामाला जातो. त्या पडीक वावरात बाभूळ वाढते, हरणाला बसायला जागा होते आणि कड एक वावर आत सरकते. नंतर पाळी पुढच्याची. आमच्या शिवारात अशी तीन वावरं आत सरकलेली मी मोजली आहेत. आमच्याकडचे एक आप्पा आपल्या अहिराणीत बरोबर म्हणतात, "हरीन काय एकलाना वावरमा थोडंच चरस, ते अख्खा शिवारमा फिरस."

ही रीत नवीन नाही. खान्देशात गावोगाव जागल्या असायचा, बहुतेक भिल्ल समाजातला. गाव आणि पीक तो राखायचा आणि खळ्यावर प्रत्येक जण त्याला धान्य द्यायचा. जागल्या गेला आणि राखण ज्याची त्याची झाली. आपल्याच धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात बारीपाडा आहे. चैत्राम पवारांना 2025 साली पद्मश्री मिळाली ते गाव. तिथे लोकांनी स्वतः नियम केले, दंड ठरवला, राखणदार नेमले आणि उजाड झालेलं जंगल परत उभं केलं. ते जंगल राखू शकतात तर आपण पंचवीस एकर हरभरा राखू शकतो.

हरणाला दोष देऊन भागत नाही. माळ, गायरान त्याचं होतं. ते आपण नांगरलं, विहिरी केल्या, हिरवं पीक उभं केलं. लांडगा होता तो कमी झाला. हरीण येणारच. पण त्याचा भार एकट्या कडेच्या माणसाने उचलावा हे मला पटत नाही.

म्हणून दसऱ्यानंतर, पेरणीच्या आधी, एका चकातल्या शेतकऱ्यांनी बसा. करडई फक्त बाहेरच्या कडेला, तिचं बियाणं सगळ्यांच्या वर्गणीतून. ज्याच्या वावरात करडईच्या ओळी गेल्या त्याला तेवढ्या हरभऱ्याची भरपाई. फूल ते घाटे या दिवसांत पाळीने दोघांची राखण, नाही तर एकरी ठराविक धान्य देऊन राखणदार. अंड्याचा फवारा एकाच दिवशी सगळ्या कडेला. आणि एवढं करून नुकसान झालंच तर तीन दिवसांच्या आत वनखात्याकडे तक्रार, फोटो आणि सातबारासह, सगळ्यांनी एकत्र. एकट्याच्या पंचनाम्याला वेळ लागतो, पंधरा जण उभे राहिले की माणूस लवकर येतो.

गावाजवळच्या वावरवाल्यांनी यात आधी नाव द्यावं, एवढी माझी विनंती आहे. माझं वावर मधलं आहे, मी दिलंय.