आधी विमा, मग किक!

सेकंडहँड बाइक घेतली, स्टेटसला फोटोही पडला. पण पॉलिसीची मुदत बघितलीत का? थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणणं हा गुन्हा आहे. पहिल्यांदा सापडलात तर २ हजार रुपये दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ‘भरू की दंड,’ असं म्हणाल. पण हा विमा असतो समोरच्यासाठी. तुमच्या धडकेत एखाद्याचा पाय गेला, तर लाखांची भरपाई कुठून देणार? विमा नसेल तर ती गाडीच्या मालकाच्या, म्हणजे बहुतेकदा आई-बाबांच्या खिशातून जाते. त्यामुळे मुदत संपली असेल तर आधी पॉलिसी काढा. चालू असेल तर खरेदीपासून १४ दिवसांत ती स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या. नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकू शकतो. हेल्मेटच्या आधी हा कागद!