लोकवर्गणी हा आमचा मान आहे, सरकारची पळवाट नव्हे



जिल्ह्याच्या बैठकीत आपण भाव, वीज आणि पाणी यांवर बोलतो. या वेळी पहिला विषय शाळेचा घ्यावा, असे आम्हाला वाटते. कारण अभिनंदनाचे आहे, तसेच सावध होण्याचेही आहे.

पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यात जालिंदरनगर आहे. २०२२ साली तिथल्या जिल्हा परिषद शाळेचा पट तीनवर आला होता. शाळेला कुलूप लागायचेच बाकी होते. गुरुजींनी हिंमत धरली, गावकरी पाठीशी उभे राहिले, मोठी मुले 'विषयमित्र' होऊन धाकट्यांना शिकवू लागली. पट शंभराच्या पुढे गेला. २०२५ साली याच शाळेला जागतिक सर्वोत्तम शाळा पुरस्कारांत लोकपसंतीचा मान मिळाला. त्याआधी २०२० मध्ये सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला होता. या शाळा धनिकांच्या नाहीत. आपल्याच पोरांच्या आहेत. त्यांचे मनापासून अभिनंदन!

आता दुसरी बाजू पाहू. २०२३ साली सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची मोजदाद केली. शाळा १४,७८३ आणि मुले १,८५,४६७. म्हणजे शाळेमागे सरासरी बारा-तेरा मुले. त्यांना एकत्र करून 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने शिक्षकपदांचे निकष आणखी आवळले. जालिंदरनगरला तीन मुले असतानाच हा हिशोब लावला असता, तर आज कोणाचे कौतुक केले असते?

उगवण विरळ झाली म्हणून आपण वावर पडीक टाकत नाही. नांग्या भरतो. शाळेच्या बाबतीत मात्र सरकार वावरच मोडायला निघते.

मोफत शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत देण्याचे ठरले. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक देण्याचेही ठरले. शाळा चार-पाच किलोमीटर लांब गेली, की पहिल्यांदा घरी बसते ती मुलगी. मग ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांचे पोर बसते. गाडीची सोय कागदावर असते, ओढ्याला पूर आला की कागद वाहून जातो.

कोणी म्हणेल, गाव इतके करते, तर सरकार कशाला? यालाच आमचा विरोध आहे. रयतेने मूठ-मूठ धान्य देऊन कर्मवीरांची वसतिगृहे चालवली, ही आपली परंपरा आहे. पण १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी सांगितलेले विसरू नका: सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, तो खर्च होतो वरच्यांच्या शिक्षणावर. आपण कर एकदा भरलेला आहे. वर्गणी ही त्यावरची भर आहे. वर्गणीतून भिंतीला रंग लागतो, फळा येतो, पाण्याची टाकी बसते. कायम नेमणुकीचे गुरुजी वर्गणीतून येत नाहीत. आणि ज्या पाड्यावर वर्गणी द्यायला कोणाजवळ काही नाही, तिथल्या मुलांनी काय करायचे?

म्हणून आमचे तीन आग्रह आहेत. पहिला, प्रत्येक ग्रामसभेने आपल्या शाळेतील मुलांचा आणि गुरुजींचा सत्कार करावा. दुसरा, शाळा व्यवस्थापन समितीने गावाने काय दिले आणि सरकारने काय दिले, हे दोन रकाने करून फळ्यावर लिहावे. या समितीत पाऊण हिस्सा पालकांचा असतो, तो नुसता सहीपुरता राहू नये. तिसरा, कमी पटाची एकही शाळा गावाच्या ठरावाशिवाय हलवू देऊ नये.

गाव आपला वाटा देईल, पूर्वीही देत आले आहे. सरकारने आपला वाटा चुकवू नये, एवढेच मागणे आहे. ही भीक नाही, हक्क आहे.