पटिया, सोपो आणि पीएचडी

माझा भाचा भोपाळला पीएचडी करतो. अशोका गार्डनमध्ये त्याची भाड्याची खोली आहे. नावात बाग असली तरी ही रेल्वे स्टेशनाजवळची दाट वस्ती. सलग दोन वर्षं तो चवथीला घरी आला नाही. फोनवर विचारलं की एकच उत्तर, "बरो आसां, मामा." शेवटी गेल्या हिवाळ्यात मीच कचेरीत रजेचा अर्ज टाकला आणि वास्कोहून गोवा एक्स्प्रेसमध्ये बसलो.

खोलीत पुस्तकांचे ढीग, लॅपटॉप आणि खिडकीत न धुतलेले चार कप. "दिवसभर बोलतोस कुणाशी?" मी विचारलं. जरा आठवून तो म्हणाला, "डबा आणणाऱ्या पोराशी." तो हसला, मला हसू आलं नाही.

रात्री जेवताना मी चवथीचा विषय काढला. तो म्हणाला, "मामा, माटोळीखाली बसलेला प्रत्येकजण मला एकच विचारतो, कधी संपणार रे तुझं? तूसुद्धा."

मी गप्प झालो. विचारलं होतं खरं.

मी बी.ए. झालेला कारकून. संशोधनातलं मला काय कळणार? पण एक फरक त्या रात्री कळला. आमच्या कचेरीत पावणेसहा वाजले की फाईल मिटते. टेबलावर कितीही ढीग असो, ‘उद्या बघू’ म्हणता येतं. पीएचडीवाल्याला पावणेसहा वाजतच नाहीत. तो सिनेमाला गेला तरी प्रबंध शेजारच्या खुर्चीवर येऊन बसतो. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान ३ वर्षं लागतात, कमाल मुदत ६ वर्षं, आणि पुनर्नोंदणी केली तर आणखी २. इतकी वर्षं घंटा न वाजणारी शाळा!

हे दुखणं एकट्या माझ्या भाच्याचं नाही. २०१८ साली ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात २६ देशांतल्या सव्वादोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची पाहणी आली होती. त्यांच्यात चिंता आणि नैराश्य सर्वसाधारण लोकांच्या सहापट आढळलं. अर्ज स्वखुशीने भरलेले, म्हणून आकडा थोडा कमी धरा. पण काम आणि जगणं यांचा तोल ज्यांना साधला होता, त्यांना त्रास कमी होता, हेही त्यात दिसलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरमालक आम्हांला रुळांपलीकडच्या जुन्या शहरात घेऊन गेले. तिथे दुकानांपुढे दगडी वा लाकडी पटिये असतात. दुकानं बंद झाली की त्यांवर मंडळी जमायची. बुद्धिबळ, शायरी, राजकारण, कुचाळक्या, सगळं रात्री उशिरापर्यंत. भोपाळवाले याला पटियेबाजी म्हणतात. आता ती बरीच ओसरली आहे, पण संपलेली नाही. आम्ही मीठ घातलेला चहा घेत बसलो. घरमालकांनी ओळख करून दिली, "ये पीएचडी कर रहे हैं." पलीकडचे म्हातारबाबा म्हणाले, "करने दो खां, पहले चाय पियो."

माझा भाचा कितीतरी दिवसांनी मोकळा हसला. त्या पटियावर त्याच्या प्रबंधाची किंमत शून्य होती आणि नेमकं तेच त्याला हवं होतं.

आपल्याकडे सोपो होता तो यासाठीच. तिन्हीसांजेला मास्तर, पोस्टमन, माडावरून उतरलेला रेंदेर, सगळे येऊन टेकायचे. पदवी कुणी विचारत नसे. आता सोप्यावर दुचाकी उभी असते.

कुणी म्हणेल, विद्या म्हणजे तपश्चर्या, गप्पा मारत बसलं तर प्रबंध कोण लिहिणार? मी भाच्याला विचारलं, रात्री दोनपर्यंत बसतोस त्यात लिहितोस किती? तो म्हणाला, "बहुतेक वेळ एकच पान परत परत वाचतो." मग ठरवून घेतलेला गप्पांचा एक तास अभ्यासातून जात नाही, अपराधी वाटण्यातून जातो. तास मात्र ठरलेला हवा आणि माणसं प्रबंधाशी देणंघेणं नसलेली हवीत.

अर्थात प्रत्येक दुखण्याला पटिया पुरत नाही. झोप उडाली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर जाणकारांकडेच जायला हवं. सरकारच्या टेलीमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत चालतो. १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी समुपदेशक नेमावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे. संस्था काय करतील ते करोत. आपण नातेवाईकांनी तोंड सांभाळायला तर निधी लागत नाही.

असो. भाचा आता दर शनिवारी जुन्या शहरात जातो. प्रबंध किती झाला, ठाऊक नाही. यंदा चवथीला आला तर त्याला माटोळी बांधायला शिडी धरायला सांगीन. दुसरं काही विचारणार नाही.