माळा, ट्रंक आणि रिकामं भांडं

गेल्या दिवाळीच्या आधी लेकीने फर्मान काढलं, "आई, यंदा माळा रिकामा करायचाच!"

लेक ठाण्याला राहते. तिच्या घरात चार कपाटं आहेत आणि ती चारही बंद होतात. आमच्याकडे एकच गोदरेजचं कपाट, आणि ते बंद करायला दोन माणसं लागतात. एकाने दार दाबून धरायचं, दुसऱ्याने किल्ली फिरवायची. या वयात नवरा-बायकोने मिळून करायची जी थोडी कामं उरली आहेत, त्यातलं हे एक.

तर लेकीने मोबाईलवर मला मारी कोंडो नावाच्या एका जपानी बाईंचा कार्यक्रम दाखवला. वस्तू हातात घ्यायची आणि स्वतःला विचारायचं, हिच्यामुळे आनंद होतो का? होत असेल तर ठेवायची, नसेल तर तिचे आभार मानून तिला निरोप द्यायचा. मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, शिस्तीच्या माणसांबद्दल मला आदर आहे. म्हटलं, करून बघू. सुरुवात केली आमच्या यांच्या बोर्नव्हिटाच्या डब्यापासून. त्यात गंजके स्क्रू, तीन बिनकुलपाच्या किल्ल्या, एक किल्लीविना कुलूप आणि कुठल्याशा रेडिओचं बटण. विचारलं, "याने तुम्हाला आनंद होतो का?" हे म्हणाले, "आनंद कसला त्यात? लागेल कधीतरी."

'लागेल कधीतरी' हे आमच्या घराचं ब्रीदवाक्य आहे. दारावर पाटी लावायला हरकत नाही.

(पुढे कळलं की तिसरं मूल झाल्यावर, २०२३ साली, त्याच कोंडोबाईंनी घर नीटनेटकं ठेवणं आपण बरंचसं सोडून दिल्याचं सांगितलं होतं. माझा त्यांच्याबद्दलचा आदर एकदम दुप्पट झाला!)

आता गंमत बघा. आम्ही राहतो भिवंडीत, नारपोलीला. माळे रिकामे करा हे सांगायला याहून चुकीचं ठिकाण शोधून सापडणार नाही. जुन्या आग्रा रोडने काल्हेर, पूर्णा, राहनाळ असं येत जा, दोन्ही बाजूंना गोदामंच गोदामं. मुंबईला जकात होती तेव्हा माल हद्दीबाहेर उतरवून लागेल तसा आत न्यायचा, हे व्यापाऱ्यांना परवडायचं. आग्र्याचा रस्ता दारात आणि न्हावाशेवा बंदर आवाक्यात. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामं काही गेली नाहीत. उलट वाढली. लोक घरबसल्या बोटाने जे मागवतात त्यातलं कितीतरी आमच्या शेजारी येऊन पडलेलं असतं. म्हणजे सगळ्या मुंबईचा माळा आमच्या गावात, आणि मी मात्र माझा रिकामा करायचा!

मी लग्न होऊन १९७४ साली इथे आले तेव्हा हे असं नव्हतं. भाताची खाचरं होती, पावसाळ्यात रात्रभर बेडूक आणि बाराही महिने रात्रंदिवस माग. खटाखट, खटाखट. पहिले पंधरा दिवस मला झोप लागली नाही. नंतर असं झालं की शुक्रवारी माग बंद असायचे, तर त्या शांततेने झोप उडायची. हे एका सायझिंगमध्ये कारकून होते. त्यांना तर अजूनही गाढ झोपेसाठी काहीतरी खडखडावं लागतं. आताशा आमच्या आसपासचे कितीतरी माग बंद झाले, किलोच्या भावाने भंगारात गेले. त्यामुळे पंखा जुनाच ठेवलाय. लेक म्हणते, बदला. बदलून काय यांना जागं ठेवायचंय?

असो. विषय माळ्याचा.

आपल्याकडे घर आवरायची पद्धत पूर्वी नव्हती असं नाही. बोहारीण यायची. तीन साड्या आणि एक पँट घेऊन एक पातेलं द्यायची, त्यावर अर्धा तास घासाघीस. आता विचार केला तर त्यात घरातली वस्तू कमी कधी होतच नव्हती, कपडा जाऊन भांडं यायचं, इतकंच. आणि भांडं आलं की त्यावर नाव घालणं आलं. आमच्या पिढीच्या स्टीलच्या डब्यांवर नाव, तारीख आणि आहेर कोणाकडून हे सगळं कोरलेलं असतं. मी माळ्यावरचे डबे खाली काढून ओळीने मांडले आणि चष्मा लावून वाचायला बसले. एकूण एकोणीस डबे. त्यातले सात आमचे. बाकीचे आत्याबाईंचे, धाकट्या जावेचे, शेजारच्यांचे, आणि एक चक्क आमच्या शाळेच्या शिपायाच्या बहिणीचा! कधी चिवडा, कधी लाडू, कधी बाळंतिणीसाठी डिंक भरून आलेले. परत का गेले नाहीत? कारण आपला रिवाज. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. काहीतरी करून भरून देऊ, म्हणून ठेवलं, आणि ते 'काहीतरी' करायला तीस वर्षं सवड झाली नाही.

तिथेच माझं आणि कोंडोबाईंचं बिनसलं. या डब्याने मला आनंद होतो का, हा प्रश्नच इथे चालत नाही. तो माझा आहे का, हे आधी विचारायला हवं.

डब्यांच्या मागे, अगदी कोपऱ्यात, ट्रंक होती.

पत्र्याची, हिरवी, पितळी कुलूप लावलेली. लेकीने विचारलं, "हिच्यात काय आहे?" मी म्हटलं, "माहीत नाही. आपली नाही ती."

मे १९८४ ची गोष्ट आहे. भिवंडीची दंगल ज्यांनी पाहिली त्यांना सांगायला नको, ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून कळायचं नाही. संचारबंदी, लष्कर, आणि सगळे माग बंद. त्या शांततेने सबंध गाव जागं होतं. आमच्या भिंतीला भिंत लागून एक मागवाल्यांचं कुटुंब राहायचं. त्यांची मुलगी माझ्या वर्गात तिसरीत. भाभीचं माहेर मालेगावचं. एक दिवस संचारबंदी दोन तास उठली तेवढ्यात ती मंडळी दोन गाठोडी घेऊन ट्रकमध्ये बसली. भाभीने ट्रंक आमच्या दारात आणून ठेवली. म्हणाली, "बाई, ये रख लो." मी म्हटलं, "बरं." याहून जास्त बोलायला वेळ नव्हता.

ती मंडळी परत आली नाहीत. पुढे १९८८ च्या सुमारास पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी भिवंडीत मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. दोन्हीकडची माणसं एका सतरंजीवर बसू लागली. एकदोनदा मीही जाऊन बसले होते. आधी नळाच्या पाण्यावरून भांडण, मग चहा. पण १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली, ही गोष्ट खरी आहे आणि आमच्या गावाबद्दल ती फार कमी सांगितली जाते. तेव्हा मी भाभीला पत्र लिहिलं होतं, आता या म्हणून. पण तोवर मालेगावात त्यांचे चार माग लागले होते आणि मुलं तिथल्या शाळांत रुळली होती.

ईदला आणि दिवाळीला फोन व्हायचे. तब्येत, नातवंडं, सुताचे भाव, सगळं बोलणं व्हायचं. ट्रंकेचा विषय मात्र कोणीच काढला नाही. तिला वाटायचं, मागितली तर बाईंना वाटेल हिचा विश्वास नाही. मला वाटायचं, काढला तर भाभीला वाटेल हिला अडगळ झाली. दोघी शहाण्या! अशी एकेचाळीस वर्षं गेली.

लेक म्हणाली, "आई, गाडी काढते. देऊन येऊ."

यंदा संक्रांतीच्या आधी निघालो. मी तिळाचे लाडू केले. एवढी ट्रंक परत द्यायची, सोबत काहीतरी नको? नाशिकचा रस्ता म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर कसारा घाट, माकडं, आणि एसटीच्या खिडकीतून बाहेर डोकं काढलेले आमचे हे. त्यांना घाट लागतो, म्हणून खिशात लिमलेटच्या गोळ्या घेतल्या होत्या. पण जावयांनी आमण्याहून समृद्धी महामार्ग धरला. हा इगतपुरी-आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झालाय. जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा लागतो आणि बाहेर येऊन बघतो तर इगतपुरी! घाट गेला कुठे? लिमलेटच्या गोळ्या तशाच घरी परत आल्या. बोर्नव्हिटाच्या डब्यात आहेत.

नाशिक, चांदवड करत दुपारी मालेगावात पोचलो. गल्लीत शिरलो आणि यांनी काच खाली केली. खटाखट, खटाखट. भाभीच्या बाहेरच्या खोलीत यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि पाच मिनिटांत हे बसल्याबसल्या गाढ झोपले! असा पाहुणा त्या घरात पहिलाच असेल.

भाभी आता ऐंशीच्या पुढची. तिने ट्रंकेकडे पाहिलं आणि कितीतरी वेळ बोललीच नाही. किल्ली केव्हाच हरवलेली. नातवाने हातोडीने कुलूप तोडलं. आत रजई होती, कसरीने चाळण केलेली. कलईची दोन पातेली होती. मुलीचं प्रगतिपुस्तक होतं, त्यावर माझी सही आणि माझाच शेरा, 'वर्गात फार बडबड करते.' ती मुलगी आता पन्नाशीला आली आहे. तो शेरा तिने मोठ्याने वाचून दाखवला आणि मग सलग दोन तास बोलत होती. निदान बाई म्हणून माझं निरीक्षण चुकलं नव्हतं.

आणि तळाशी, फडक्यात गुंडाळलेला, एक लाकडी धोटा. हातमागाचा. भाभीच्या सासऱ्यांचा, माग विजेवर येण्याच्या आधीचा. टोकं झिजून गुळगुळीत झालेली.

भाभी म्हणाली, "ये ढूँढते थे वो." तिचे यजमान २०१३ साली गेले. शेवटच्या आजारपणात त्यांनी या धोट्याबद्दल दोन-तीनदा विचारलं होतं. भाभीने त्यांना सांगितलं, बाईंकडे आहे, सलामत आहे. मग फोन का नाही केला, असं मी विचारणार होते. नाही विचारलं. त्या सबंध वर्षात मीही तिला दोनदा फोन केला होता आणि दोन्ही वेळा पावसाबद्दल बोलले होते.

ही टोचणी काही जात नाही. ट्रंक मी सांभाळली याचं त्या घरात सगळ्यांनी कौतुक केलं, आणि मला ते गिळवत नव्हतं. सांभाळणं सोपं असतं हो. माळ्यावर ठेवली की झालं. चार तासांचा तर रस्ता, आमच्या गावावरून जाणारा आग्रा रोडच पुढे मालेगावला जातो. मला तो एकेचाळीस वर्षं लांब वाटला.

म्हणून मंडळी, माझं मत सांगते, पटलं तर बघा. घर आवरायचं असेल तर आपल्या वस्तूंपासून सुरुवात करू नका. तुमच्या जुन्या साड्या, यांचे स्क्रू, मुलांची पुस्तकं दहा वर्षं आणखी पडून राहिली तरी कोणाचं अडत नाही. आधी दुसऱ्याची वस्तू शोधा. कोणाचा डबा, कोणाचं पुस्तक, कोणाचे फोटो, कोणी विश्वासाने ठेवलेलं काही. ती कुरियरने पाठवू नका, स्वतः घेऊन जा. आणि घेणारं माणूस आहे तोवर जा.

यातून माळा रिकामा होईल अशी मात्र आशा ठेवू नका. निघताना भाभीने लाडवांचा डबा गाजराचा हलवा भरून परत दिला. दोन पातेल्यांतलं एक माझ्या हातात ठेवलं, नाही म्हणून बघितलं, चाललं नाही. वर एक मालेगावची साडी. आणि नात म्हणाली, "दादी, ये ट्रंक कहाँ रखेंगे? जगह कहाँ है?" तिनेही बहुधा तोच जपानी कार्यक्रम पाहिला असावा. तेव्हा ट्रंकही परत आली. आता ती रीतसर आमची आहे. आज माळ्यावरच्या वस्तूंची मोजदाद केली तर गेल्या दिवाळीपेक्षा दोन जास्तच भरतात. लेक बोलत नाहीये.

उरलेले अकरा डबे पोचवायचे आहेत. त्यातला एक डोंबिवलीला, एक वाड्याला, एक बडोद्याला. हे म्हणतात, एवढे प्रवास आपण उभ्या जन्मात केले नाहीत!

आणि नातेवाईकांनो, एक राहिलंच. आमचे १९७४ च्या आहेरातले निदान चार डबे तुमच्या माळ्यांवर आहेत. नावं घातलेली आहेत, नाकबूल करता यायचं नाही. सवडीने आणून द्या. रिकामे आणू नका.