शत्रू घरातच असेल तेव्हा

ज्या सासूबाईंनी तीस वर्षे तुम्हाला टोचून बोलण्यात घालवली, त्या आज अंथरुणाला खिळल्या आहेत आणि दर दोन तासांनी त्यांची कूस तुम्हालाच बदलावी लागते. कामोठ्यातील दोन खोल्यांच्या सदनिकेत दूर जाऊन बसायलाही जागा नसते. अशा वेळी शत्रूवर प्रेम करावे, ही येशूची शिकवण कोणी ऐकवली तर राग येणे स्वाभाविक आहे.

तरीही ती शिकवण नीट पाहावी. शुभवर्तमानांत त्या प्रेमासाठी वापरलेले ग्रीक क्रियापद 'अगापे' या शब्दाच्या कुळातले आहे. लूकच्या सहाव्या अध्यायात त्याला लागूनच भले करणे, आशीर्वाद देणे, प्रार्थना करणे ही कृत्ये येतात. सासूबाई आवडल्याच पाहिजेत, अशी अट तेथे नाही. पाठीला जखम होऊ नये म्हणून कोरड्या मनाने बदललेली कूसही त्या आज्ञेत बसते, असे मी मानतो.

औदार्याचा प्रश्न मला अधिक कठीण वाटतो. १८९५ साली ख्रिस्ती झालेले रेव्हरंड ना. वा. टिळक हाती आलेला पैसा गरजूला सहज देऊन टाकत. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त तो संसार विनोदाने सांगितला आहे. पण हसून झाल्यावर लक्षात येते, की देणारा एक होता आणि निभावणारी दुसरी. आपल्याकडेही आईला शेवटपर्यंत घरीच ठेवण्याचे वचन मुलगा देतो आणि जागरण सुनेच्या वाट्याला येते. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौलाने मदत मागतानाच स्पष्ट केले आहे, की इतरांची सोय व्हावी आणि तुम्ही मात्र भाराखाली यावे, हा हेतू नाही. दानही सक्तीने नको. उपदेश करणारे हा भाग फारसा सांगत नाहीत.

म्हणून दीर-नणंदांकडे आठवड्यातील एक रात्र नि:संकोच मागा. ते येऊ शकत नसतील, तर आयाबाईंच्या पगारात त्यांचा वाटा ठरवून घ्या. रुग्ण शिव्या देऊ लागला, तर त्याला सुरक्षित निजवून दहा मिनिटे गॅलरीत जा. मात्र ही चिडचिड जुन्या स्वभावाची नसून एक-दोन दिवसांत अचानक आलेली असेल, सोबत गोंधळलेपण किंवा गुंगी असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. वृद्धांमध्ये लघवीच्या जंतुसंसर्गानेही असे होऊ शकते.