काडतुसं घरी भरताय? आकडा मागू नका, पद्धत विचारा



विषय दारूचा आहे, पण बंदुकीच्या. शनिवारच्या पार्टीवाल्यांनी गैरसमज करून घेऊ नये :-)

इथे अमेरिकेत आल्यावर आपल्यातल्या काही जणांना रायफल नेमबाजीचा नाद लागतो. मग काडतुसांचा खर्च अंगावर येतो आणि रिकाम्या पितळी केस जपून ठेवून घरीच पुन्हा भरायच्या, म्हणजे रीलोडिंग करायचं, असं डोक्यात येतं. छंद छान आहे, मीही करतो. स्वतःच्या वापरापुरतं भरायला इथे फेडरल लायसन्स लागत नाही, विकायचं असेल तर लागतं. भारतात मात्र शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. तेव्हा इतर देशांतल्या मंडळींनी आधी आपापला कायदा बघावा.

मला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "तू .३०८ मध्ये किती ग्रेन टाकतोस?" मी आकडा सांगत नाही. लोक म्हणतात, शिष्ट आहे. म्हणोत बापडे. माझं मत असं की या बाबतीत नुसता आकडा देणं म्हणजे मदत नव्हे, उलट घात आहे. का, ते सांगतो.

एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम. .३०८ विंचेस्टरसाठी सॅमी या अमेरिकन मानक संस्थेने (स्थापना १९२६) ठरवलेला कमाल दाब आहे ६२,००० पीएसआय. .२२३ रेमिंग्टनसाठी ५५,०००. गाडीच्या टायरमध्ये आपण ३२-३५ भरतो, त्यावरून कल्पना करा. आणि हे सगळं घडतं आपल्या गालापासून वीतभर अंतरावर.

बिनधुराची दारू बंद जागेत जळते. दाब वाढला की ती जास्त वेगाने जळते, आणि वेगाने जळली की दाब आणखी चढतो. त्यामुळे एक टक्का दारू वाढवली की एक टक्का दाब वाढेल, हे शाळेतलं त्रैराशिक इथे चालत नाही.

शिवाय माझी रायफल म्हणजे तुमची रायफल नव्हे. लष्करी केस बहुधा जाड असतात, आत जागा कमी, म्हणून तेवढ्याच दारूला दाब जास्त. गोळी नळीच्या आट्यांना टेकेल इतकी बाहेर बसवली तरी दाब वाढतो. प्रायमर बदलला तरी फरक पडतो. मिनेसोटाच्या थंडीत ठरवलेलं माप टेक्सासच्या ऑगस्टमध्ये तसंच वागेल याची खात्री नाही. आणि नावांचा घोळ वेगळाच! आयएमआर ४८९५ आणि एच ४८९५ या दोन वेगवेगळ्या दारू आहेत, एकीचा तक्ता दुसरीला चालत नाही. फोनवरून "४८९५" एवढंच ऐकलेला माणूस काय करणार?

मग करायचं काय? दारूच्या किंवा गोळीच्या कंपनीचं चालू मॅन्युअल घ्या (हॉजडन, हॉर्नडी, सिएरा, किंवा लायमनचं पुस्तक) आणि दोन ठिकाणचे आकडे ताडून बघा. सुरुवातीचं माप दिलं असेल तर तिथूनच सुरू करा. फक्त कमाल माप दिलं असेल तर १० टक्के खाली या. निव्वळ हिशेबापुरतं, कमाल ४० ग्रेन असेल तर सुरुवात ३६ पासून. मग एकेक टक्क्याची पायरी. प्रत्येक पायरीची मोजकीच काडतुसं, त्यावर खूण, आणि उडवायची ती हलक्यापासून जडाकडे. टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. तराजू दर वेळी वजनाच्या मापाने तपासलेला.

बोल्ट उचलायला जड गेला, केसच्या बुडावर इजेक्टरची चकचकीत खूण उमटली, प्रायमर चेपटला किंवा सैल झाला, की थांबा. त्या पायरीची उरलेली आणि त्यावरची सगळी काडतुसं घरी आणून सुटी करा. "आणलीच आहेत तर उडवून टाकू" हा मोह नको. पण या खुणा उशिरा दिसतात, कधी कधी मर्यादा ओलांडल्यावरच. खूण नाही म्हणजे दाब ठीक आहे, असा अर्थ नाही. म्हणून वेग मोजायचं यंत्र, क्रोनोग्राफ, जवळ हवंच. तेवढ्याच लांबीच्या नळीतून पुस्तकापेक्षा जास्त वेग मिळत असेल तर खूश होऊ नका. तो वेग फुकटात आलेला नाही, दाबातूनच आलाय.

कमी टाकलं की सुरक्षित, हेही खरं नाही. मोठ्या केसमध्ये हळू जळणारी दारू किमान मापाच्या फार खाली नेली तर दाब भलताच चढू शकतो. एच ४८९५ कमाल मापाच्या ६० टक्क्यांपर्यंत उतरवायला खुद्द कंपनीची मुभा आहे, पण तो नियम प्रत्येक दारूला लावायचा नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. एक, "कंपन्या वकिलांना घाबरून आकडे कमी देतात." अहो, ते तक्ते दाब मोजणाऱ्या खास नळ्यांवर काढलेले असतात. आपल्याकडे गॅरेजमध्ये दाब मोजायचं काय साधन आहे? रायफलमध्ये जी थोडी गुंजाइश ठेवलेली असते ती मालातल्या कमीजास्त फरकासाठी असते, आपण मुद्दाम खर्च करायला नव्हे. दुसरा आक्षेप आपल्या इंजिनियर मंडळींचा: "आम्ही सॉफ्टवेअरवर दाब काढतो." जरूर काढा, समजायला मदत होते. पण सॉफ्टवेअरने तुमच्या रायफलचं चेंबर पाहिलेलं नाही.

आणि कमाल माप म्हणजे काही गाठायचं शिखर नव्हे. कागदी निशाणाला सेकंदाला पन्नास फुटांचा फरक कळत नाही, हरणालाही नाही. पुष्कळदा छिद्रांचा सगळ्यात घट्ट पुंजका कमाल मापाच्या खालीच मिळतो. मिळाला की तिथेच थांबावं. रेंजवर शेजारच्या बाकावर कुणाचं तरी पोर बसलेलं असतं. आपल्या हौसेची किंमत त्याने का मोजावी?

एरवी शेवटी चू.भू.द्या.घ्या. लिहायची पद्धत आहे. या विषयात मात्र चूक द्यायचीही नाही आणि घ्यायचीही नाही, म्हणून माझं म्हणणंसुद्धा मॅन्युअलशी ताडून बघा.